मेथड लेखात आहे, लायब्ररीत नाही

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी बहुतेक प्रश्न टेस्टिंग लायब्ररींच्या प्रकाशनपूर्व आवृत्त्यांबद्दल आहेत. अल्फा, बीटा, आरसी (रिलीज कँडिडेट), स्नॅपशॉट (काम चालू असताना बदलत राहणारी आवृत्ती) या सगळ्यांना खाली सरसकट ‘कच्ची आवृत्ती’ म्हटलं आहे. ‘मेथड सापडत नाही’ ही तक्रार सगळ्यांचीच, पण एरर कधी आली हे फार थोड्यांनी कळवलं. कंपाइल करताना आली, टेस्ट चालताना आली की आलीच नाही, यावर पुढचा सगळा शोध ठरतो. पुढच्या वेळी प्रश्न पाठवताना तेवढं जरूर लिहा.

प्रश्न : एका जुन्या लेखात जेयुनिट या जावाच्या टेस्टिंग लायब्ररीची ‘एक्स्पेक्टथ्रोज’ ही मेथड वापरली आहे. कंपायलर ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ म्हणतो. आमच्याकडे ४.१२ होती, ती काढून ४.१३ घातली तरी तेच. लेखच चुकीचा आहे का?

उत्तर : चुकीचा नाही, शिळा आहे. ४.१३ तयार होत असताना एक काळ दोन मेथड शेजारी शेजारी होत्या. ‘असर्टथ्रोज’ फक्त तपासायची आणि काहीच परत द्यायची नाही. ‘एक्स्पेक्टथ्रोज’ तपासून पकडलेलं एक्सेप्शन हातात द्यायची. प्रकाशनाआधी दोन्ही एकत्र झाल्या. ‘असर्टथ्रोज’च एक्सेप्शन परत देऊ लागली आणि दुसरं नाव गळालं. ४.१३ जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा त्यात एकच मेथड होती. जेयुनिट ५ च्या सुरुवातीच्या ‘एम’ (माइलस्टोन) टप्प्यांतही असंच झालं होतं. त्या काळात कच्च्या आवृत्तीवर लिहिलेले लेख अजून फिरत आहेत. तुम्ही फक्त नाव बदला. एक्सेप्शनचा क्लास आणि लॅम्डा हे दोन्ही आर्ग्युमेंट आहेत तसेच चालतात. ४.१२ मध्ये मात्र यांतली एकही नाही, तेव्हा मागे जाऊ नका.

याच बदलाचा दुसरा फटका जरा छुपा आहे. समजा, टेस्टसाठीच्या मदतनीस क्लासांची तुमची स्वतःची एक जार (कंपाइल केलेल्या क्लासांची फाइल) आहे आणि ती त्या काळच्या स्नॅपशॉटवर कंपाइल झालेली आहे. कोडमध्ये ‘असर्टथ्रोज’ हेच नाव आहे, आर्ग्युमेंटही तीच आहेत. तरीही पक्क्या ४.१३ वर चालवताना ‘नोसचमेथडएरर’ येते. कारण जेव्हीएम (जावा कोड चालवणारी यंत्रणा) मेथड शोधताना नाव आणि पॅरामीटर यांच्याबरोबर परतीचा टाइपही जुळवून बघते. जुन्या जावातल्या एररमध्ये मेथडच्या नावापुढे कंस असतो आणि कंस संपल्यावर परतीच्या टाइपची खूण असते. तिथे ‘व्ही’ हे अक्षर असेल तर कॉल करणाऱ्याला ‘व्हॉइड’ देणारी मेथड हवी आहे. कंसानंतर ‘एल’ने सुरू होणारं क्लासचं नाव असेल तर तो ऑब्जेक्ट. ‘झेड’ म्हणजे बूलियन, ‘जे’ म्हणजे लाँग. जारमधल्या मेथड बघायला ‘जावापी -एस -सीपी’, पुढे जारचा पत्ता आणि क्लासचं पूर्ण नाव द्या. ‘-एस’मुळे याच खुणा छापून येतात, मग एररशी अक्षरन् अक्षर ताडून पाहता येतं. फरक फक्त परतीच्या टाइपचा निघाला तर कोडला हात लावू नका, ती मदतनीस जार नव्याने कंपाइल करा.

प्रश्न : जेयुनिट ४.११ आणि मॉकिटो-ऑल १.९.५ (नकली ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी) असा जुना प्रकल्प सांभाळतो आहोत. कधी सगळं हिरवं, कधी अचानक हॅमक्रेस्ट या तुलना तपासणाऱ्या लायब्ररीच्या मॅचरमध्ये ‘डिस्क्राइबमिसमॅच’ नाही म्हणून ‘नोसचमेथडएरर’. डिपेंडन्सी ट्रीमध्ये (कोणती लायब्ररी कोणामुळे आली त्या यादीत) हॅमक्रेस्ट एकच दिसते, १.३. मग गडबड कुठे?

उत्तर : ट्री खरं सांगते, पण अर्धंच. मॉकिटो-ऑल ही गाठोडं बांधलेली जार आहे. तिच्या पोटात हॅमक्रेस्ट १.१ चे क्लास त्याच पॅकेज-नावाने भरलेले आहेत. ट्री डिपेंडन्सी मोजते, जारच्या पोटात डोकावत नाही. क्लासपाथवर (क्लास शोधायच्या जारच्या यादीत) मॉकिटो-ऑल आधी आली की ‘मॅचर’ हा इंटरफेस १.१ चा लोड होतो. ‘मॅचरअसर्ट’ मात्र १.३ च्या जारमधून येतो आणि १.१ मध्ये नसलेली ‘डिस्क्राइबमिसमॅच’ मागतो.

‘कधी कधी’च का होतं, याचं उत्तर तुमच्या टेस्टमध्येच आहे. ही मेथड फक्त तुलना फसल्यावर, ‘अपेक्षित काय, मिळालं काय’ हा मजकूर बनवताना हाक मारली जाते. टेस्ट पास होत असेल तर तिची गरजच पडत नाही आणि जेव्हीएमही ती शोधत नाही. म्हणजे ज्या दिवशी ही एरर दिसली त्या दिवशी तुमची एक टेस्ट खरोखरच नापास झाली होती आणि नापास होण्याचं कारण या एररने गिळलं. हे आधी ध्यानात घ्या, नाहीतर लायब्ररी दुरुस्त झाल्याच्या आनंदात खरा बग तसाच राहायचा.

खात्री अशी करा. त्या टेस्टमध्ये तात्पुरती एक ओळ घाला. मॅचरच्या क्लास ऑब्जेक्टवर ‘गेटप्रोटेक्शनडोमेन’, त्यावर ‘गेटकोडसोर्स’, त्यावर ‘गेटलोकेशन’ आणि उत्तर छापा. क्लास ज्या जारमधून आला तिचा पूर्ण पत्ता समोर येतो. कोडला हात लावायचा नसेल तर जेव्हीएमला ‘-व्हर्बोज:क्लास’ द्या. मेव्हन या बिल्ड साधनाचा शुअरफायर प्लगइन टेस्टसाठी वेगळी जेव्हीएम सुरू करतो, म्हणून हा पर्याय ‘आर्गलाइन’मधून द्यावा लागतो. थेट मेव्हनच्या आज्ञेपुढे लिहून उपयोग नाही.

उपाय म्हणजे मॉकिटो-ऑल काढून मॉकिटो-कोअर घाला. कोअरमध्ये हॅमक्रेस्ट पोटात नसते, डिपेंडन्सी म्हणून बाहेर असते, त्यामुळे तिची आवृत्ती मेव्हन नीट ठरवू शकतो. पॉममध्ये (मेव्हनच्या प्रकल्प-फाइलमध्ये) जेयुनिट वर आणि मॉकिटो खाली असा क्रम बदलूनही काम भागतं, पण ते ठिगळ आहे. उद्या कोणीतरी ओळी अकारविल्हे लावल्या की उसवलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून मेव्हन एन्फोर्सर या तपासणीच्या प्लगइनच्या जादा नियमांतला ‘बॅनडुप्लिकेटक्लासेस’ लावून ठेवा. एकच क्लास दोन जारमध्ये सापडला की बिल्ड तिथेच थांबते. पहिल्यांदा लावल्यावर तक्रारींची लांबलचक यादी येते. घाबरू नका, पण सगळंच ‘इग्नोर’मध्ये ढकलू नका.

प्रश्न : लायब्ररीच्या स्नॅपशॉटमध्ये आज एक नवी मेथड आली. सहकाऱ्याच्या मशीनवर चालते, माझ्याकडे नाही. दोघांच्या पॉममध्ये एकच आवृत्ती आहे.

उत्तर : एकच नाव आहे, एकच फाइल नाही. स्नॅपशॉट हे सरकतं नाव आहे. मेव्हन मुळात दिवसातून एकदाच नवा स्नॅपशॉट आहे का ते विचारतो. तुमची आजची विचारणा सकाळीच झाली असेल आणि मेथड दुपारी आली असेल, तर उद्यापर्यंत जुनीच जार मिळणार. ‘-यू’ (मोठ्या लिपीतला) देऊन बिल्ड करा. ग्रेडल हे दुसरं बिल्ड साधन असे बदलते मॉड्यूल २४ तास कॅशमध्ये ठेवतं. तिथे ‘--रिफ्रेश-डिपेंडन्सीज’ लागतं.

एवढ्यानेही सुटलं नाही तर तुमच्या लोकल रिपॉझिटरीत त्या आवृत्तीचं फोल्डर उघडून फाइलची तारीख बघा. कोणीतरी लायब्ररीचा सोर्स घेऊन तुमच्याच मशीनवर ‘इन्स्टॉल’ केलेला असेल तर तुम्ही ती घरची जार वापरत असता. तेवढं एकच फोल्डर पुसा. आख्खी रिपॉझिटरी पुसायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने तासभर डाउनलोड होतं आणि नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

टीममध्ये हे वारंवार होत असेल तर पॉममध्ये ‘स्नॅपशॉट’ हा शब्द न लिहिता सर्व्हरवरच्या त्या फाइलची तारीख, वेळ आणि बिल्ड क्रमांक असलेली पूर्ण आवृत्ती लिहा. मग सगळ्यांना तीच फाइल मिळते. फक्त सर्व्हरवर जुने स्नॅपशॉट किती दिवस ठेवतात ते विचारून घ्या.

प्रश्न : जेयुनिट जुपिटरची आरसी आवृत्ती पॉममध्ये लिहिली. टेस्ट सुरू होण्याआधीच प्लॅटफॉर्मच्या कुठल्यातरी क्लासमध्ये मेथड नाही म्हणून सगळं कोसळतं. प्रकल्प जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कचा आहे.

उत्तर : तुम्ही जुपिटर (जेयुनिटचा टेस्ट लिहायचा भाग) बदललं, प्लॅटफॉर्म (टेस्ट चालवणारा भाग) मात्र स्प्रिंग बूटने ठरवलेलाच राहिला. जुपिटर ५.१० ला प्लॅटफॉर्म १.१० लागतो, ५.११ ला १.११, अशी जोडी आहे. (जेयुनिट ६ पासून दोन्हींचा क्रमांक एकच झाला, हे बरं झालं.) सुट्या आवृत्त्या लिहू नका. स्प्रिंग बूटचा पॅरेंट पॉम वापरत असाल तर ‘जेयुनिट-जुपिटर.व्हर्जन’ ही प्रॉपर्टी बदला, सगळं कुटुंब एकत्र हलतं. पॅरेंट न घेता स्प्रिंग बूटची बीओएम (आवृत्त्यांची यादी असलेला पॉम) ‘इम्पोर्ट’ केली असेल तर मात्र ही प्रॉपर्टी काहीच करत नाही. तिथे जेयुनिटची बीओएम स्प्रिंग बूटच्या बीओएमच्या वर इम्पोर्ट करावी लागते. खाली लिहिली तर दुर्लक्षित होते आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

प्रश्न : जावास्क्रिप्टच्या जेस्ट या टेस्टिंग लायब्ररीच्या ३० च्या अल्फावर गेल्यावर ‘टूबीकॉल्ड’ नाही म्हणते. एडिटर मात्र ती सुचवतो.

उत्तर : जेस्ट ३० मध्ये जुनी पर्यायी नावं काढली आहेत. ‘टूबीकॉल्ड’ऐवजी ‘टूहॅवबीनकॉल्ड’, ‘टूथ्रोएरर’ऐवजी ‘टूथ्रो’. ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाच्या जेस्ट प्लगइनमधला ‘नो-एलियस-मेथड्स’ हा नियम लावून ‘--फिक्स’ चालवला की बहुतेक नावं आपोआप बदलतात. एडिटर टाइपांच्या वेगळ्या पॅकेजवरून सुचवतो आणि त्या पॅकेजची आवृत्ती जेस्टबरोबर आपोआप पुढे जात नाही. उलटही घडतं. टेस्ट चालते, पण टाइपस्क्रिप्ट म्हणतो मेथड नाही. तेव्हा जेस्टला नव्हे, टाइपांच्या पॅकेजला जाब विचारा.

एक सावधगिरी. एनपीएममध्ये (जावास्क्रिप्टच्या पॅकेज व्यवस्थापकात) कॅरेट (^ हे चिन्ह) लावून लिहिलेली कच्ची आवृत्ती फक्त त्याच तीन आकड्यांच्या पुढच्या कच्च्या आवृत्त्या घेते. ३०.०.० च्या अल्फा २ वर कॅरेट लावला तर त्याच ३०.०.० चा बीटा येऊ शकतो, पक्की ३०.१.० ही येऊ शकते, पण ३०.१.० चा अल्फा येणार नाही. त्यामुळे ‘नवी मेथड अजून का येत नाही’ आणि ‘न सांगता जुनी का गेली’ या दोन्ही तक्रारी त्या एका कॅरेटमधून निघतात. कच्ची आवृत्ती कॅरेटशिवाय, पूर्ण लिहा.

प्रश्न : पायथॉनमध्ये एका लायब्ररीच्या बीटातून आम्ही वापरत असलेली मेथड काढून टाकली. तरीही आमच्या सगळ्या टेस्ट पास. प्रत्यक्ष चालवलं तेव्हा ‘अ‍ॅट्रिब्यूटएरर’. टेस्टने काहीच कसं सांगितलं नाही?

उत्तर : कारण टेस्टमध्ये ती लायब्ररी नव्हतीच, तिचा मॉक, म्हणजे नकली उभा केलेला ऑब्जेक्ट होता. ‘युनिटटेस्ट.मॉक’मधला साधा मॉक कोणतंही नाव मागा, जागच्या जागी तयार करून देतो. खऱ्या क्लासमधून मेथड गेली, हे त्याला कळायला मार्गच नाही. ‘पॅच’ करताना ‘ऑटोस्पेक’ ट्रू द्या, किंवा ‘क्रिएट_ऑटोस्पेक’ने मॉक बनवा. मग मॉक खऱ्या क्लासवर बेतला जातो. नसलेली मेथड मागितली की लगेच ‘अ‍ॅट्रिब्यूटएरर’, आणि आर्ग्युमेंटची संख्या चुकली तर ‘टाइपएरर’. एक उणीव राहते. जी अ‍ॅट्रिब्यूट ‘इनिट’मध्ये तयार होतात ती ऑटोस्पेकला दिसत नाहीत, ती हाताने द्यावी लागतात.

याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे ‘असर्ट’ लिहून पुढे ‘मॉक.कॉल्ड_वन्स’. हा तपास नव्हे. जुन्या पायथॉनमध्ये ‘कॉल्ड_वन्स’ नावाचा नवा मॉक तयार होतो आणि तो नेहमी खराच ठरतो. पायथॉन ३.१२ पासून अशा नावांवर एरर येते. पायथॉन वाढवल्यावर अशा टेस्ट एकदम लाल झाल्या तर पायथॉनला दोष देऊ नका, त्या आधीही काहीच तपासत नव्हत्या. ३.१२ मध्येच ‘असर्टइक्वल्स’ हे जुनं नावही गेलं. शेवटचा ‘एस’ काढला की झालं.

प्रश्न : पायथॉनची पॅकेज बसवणाऱ्या पिपला ‘--प्री’ दिलं तर बीटा मिळतो, पण इतर टेस्टही मोडतात.

उत्तर : ‘--प्री’ त्या आज्ञेतल्या सगळ्या पॅकेजना लागू होतं, त्यांच्या डिपेंडन्सींनाही. एकाची कच्ची आवृत्ती मागितली आणि पाच जणांच्या आल्या. त्याऐवजी हव्या त्या एकाच पॅकेजपुढे दोन बरोबरची चिन्हं आणि ‘आरसी१’ किंवा ‘बी२’सकट पूर्ण आवृत्ती लिहा. आवृत्तीतच ती खूण असली की पिप ‘--प्री’शिवाय ती घेतो आणि बाकीची पॅकेज पक्कीच राहतात. आधीच मोडलेलं एन्व्हायर्नमेंट दुरुस्त करत बसू नका. ‘पिप फ्रीझ’ची यादी काढून ठेवा, नवं एन्व्हायर्नमेंट बनवा आणि दोन याद्यांची तुलना करा. ज्या ओळींत ‘ए’, ‘बी’, ‘आरसी’ किंवा ‘डेव्ह’ नव्याने दिसेल, तेच तुमचे आगंतुक.