सासूबाईंचं इन्सुलिन आणि माझं पेन

वाचकांचे प्रश्न, वाचकांची उत्तरे

प्रश्न: मी सोलापुरात सैफुल भागात राहते. आता आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) सुरू होतंय. डॉक्टरांनी रोज संध्याकाळी पोटात घ्यायची पेनची इंजेक्शनं दिलीत, ती घरीच स्वतः घ्यायची आहेत. मला सुईची धास्ती आहे. घर एकत्र, फ्रिज एकच, त्यात सासूबाईंचं इन्सुलिनचं पेनही असतं. उपचारांचं फक्त नवऱ्याला माहीत आहे. एप्रिल तोंडावर आलाय, लाइट जाते. कसं निभावू?

उत्तर: ताई, आधी फ्रिजचं बोलते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली, सुईची नाही. इन्सुलिनचं पेन आणि तुमचं एफएसएचचं, म्हणजे बीजं वाढवणाऱ्या औषधाचं, पेन दिसायला सख्ख्या बहिणी. दोन्हींवर मागचं बटण फिरवून आकडा लावायचा, दोन्हींना बारीक सुई. संध्याकाळच्या घाईत तुम्ही सासूबाईंचं पेन उचललंत तर तुमची साखर झपाट्यानं उतरेल. त्यांनी तुमचं उचललं तर त्यांचा इन्सुलिनचा डोस चुकेल. म्हणून तुमच्या औषधांना झाकणाचा वेगळा डबा, त्यावर ठळक अक्षरात नाव, आणि वेगळा कप्पा. दारात ठेवू नका, आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. गोठलेलं औषध वाया जातं.

एवढं करायचं तर सासूबाईंना सांगावं लागेल. सांगा, असंच मी म्हणेन. माझ्या सासूबाईही इन्सुलिन घ्यायच्या. मी सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग एवढंच विचारलं, "पोटात घ्यायचं का मांडीत?" पोटाची चिमटी कशी धरायची ते त्यांनीच दाखवलं. पुढे संध्याकाळी आम्ही दोघी एकीपाठोपाठ एक पलंगावर बसून आपापलं इंजेक्शन घ्यायचो. सुईपेक्षा लपवण्याचाच ताण मला जास्त होता, तो त्या दिवसापासून उतरला. शेजारीपाजारी, नातेवाईक यांना सांगायची काही गरज नाही. आणि तुमच्या घरी सांगणं खरंच शक्य नसेल, तर औषध तिथंच ठेवून रोज तिथं येऊन घेता येईल का, हे सेंटरला स्पष्ट विचारा.

काही पेनच्या पाकिटावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालतं असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिलात घरातली खोली त्याहून कितीतरी तापते, त्यामुळे २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्येच ठेवा. लाइट गेली तर दार सारखं उघडू नका. माझे उपचार पुण्यात होते. हुतात्मा एक्सप्रेसनं जाताना मी थंड पिशवीत बर्फाची थैली आपल्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळून ठेवायची, म्हणजे पेनला बर्फ थेट लागायचा नाही.

आता सुई. ती बारीक आणि आखूड असते. मला दुखायचं ते गार औषधानं आणि ओल्या स्पिरिटनं. पेन थोडा वेळ आधी बाहेर काढा, स्पिरिट पूर्ण वाळू द्या. बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. बटण शेवटपर्यंत दाबा, दहापर्यंत मोजा, मगच सुई काढा. आणि पेनवरच्या आकड्याच्या खिडकीत बघाच: शून्य आलं तर डोस पूर्ण. दुसरा आकडा दिसत असेल तर पेनमधलं औषध संपलंय आणि तेवढा डोस नव्या पेनातून घ्यायचा उरलाय. पेनागणिक थोडा फरक असतो, म्हणून पहिलं इंजेक्शन सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं घ्या. नुसतं बघून हात बसत नाही. त्यांना घाई असली तरी हट्ट धरा.

काही दिवसांनी सेट्रोरेलिक्स सुरू झालं, तर ती जागा लाल होते, खाजते. बीज वेळेआधी सुटू नये म्हणून ते असतं. खाज बहुतेक आपोआप जाते.

वेळेची खरी कसोटी शेवटच्या ट्रिगर इंजेक्शनला, म्हणजे बीज पक्व करणाऱ्या इंजेक्शनला. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीज काढतात, म्हणून रात्री साडेदहा सांगितले तर साडेदहाच. दोघांच्या मोबाइलवर गजर लावा.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून सेंटरला परत द्या. घंटागाडीत टाकल्या तर कचरा वेगळा करणाऱ्या बायांच्या हातात घुसतात.

पोट थोडं जड वाटणं चालायचंच. पण पोट टम्म फुगलं, एक-दोन दिवसांत वजन भराभर वाढलं, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात किंवा दम लागला, तर बीजकोश जास्त उत्तेजित झाल्याची ती खूण असू शकते. ट्रिगरनंतरच्या दिवसांत तर जास्तच लक्ष ठेवा. अशा वेळी सकाळची वाट बघू नका, रात्री कितीही वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करा.