अननसाचा शेंडा पाण्यात ठेवून तीन आठवडे झाले, मुळं नाहीत, बूड काळं पडलंय. काय चुकलं? आणि फळ कधी धरेल?

फळाचं नंतर बघू, आधी तो ग्लास रिकामा करा. ग्लासात शेंडे उभे करणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. ही पद्धत फोटोत छान दिसते म्हणूनच टिकून आहे.

अननस कमी पाण्यावर जगणारं झाड आहे. त्याची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मुख्यतः रात्री उघडतात, दिवसा मिटलेली असतात, त्यामुळे पाणी फारसं उडून जात नाही. बूड सतत ओलं राहणं त्याला सोसत नाही. त्यात तुम्ही शेंडा सुरीने कापला असणार, म्हणजे खाली गर राहिलाच. गरात साखर, साखरेवर बुरशी, आणि तिथून ती थेट खोडात.

शेंडा कापायचा नाही, पिळायचा. एका हातात फळ, दुसऱ्यात पानांचा झुबका घट्ट धरून फिरवा, आखूड खोडासकट निघून येतो. चिकटलेला गर खरवडून काढा. खालची पानं एकेक ओढून २ ते ३ सेंमी खोड उघडं करा. त्यावर बारीक तपकिरी पुटकुळ्या दिसतील, मुळं तिथूनच फुटतात. आता सगळ्यांना नकोशी वाटणारी पायरी: शेंडा सावलीत, वारा लागेल असा ४-५ दिवस आडवा टाकून द्या, हवा दमट असेल तर आठवडाभर. मरत नाही. पानांत पुरेसं पाणी असतं आणि तेवढ्यात जखम सुकते. हीच पायरी गाळतात आणि मग मातीला दोष देतात.

१५ सेंमीची, तळाला भोकं असलेली कुंडी पुरे. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाडी वाळू, एक भाग गांडूळखत. उघडं खोड तेवढंच पुरा, माती पानांच्या मधोमध जाऊ देऊ नका. वरची माती सुकली की पाणी. ६ ते ८ आठवड्यांनी हलकेच ओढून बघा, अडकल्यासारखं वाटलं तर मुळं धरली. रोज उपटून बघू नका. मधलं पान सहज हातात आलं आणि वास मारला, तर गाभा कुजलाय, टाकून द्या.

फळाला कुंडीत साधारण दोन ते तीन वर्षं लागतात, तेही रोज सहा तास ऊन आणि पुढे ३० सेंमीची कुंडी मिळाली तर. झाड मोठं होऊन तिशीच्या आसपास पानं झाली की पिकलेल्या सफरचंदासोबत पिशवीत काही दिवस झाकून, सावलीत ठेवा; सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलोरा यायला मदत होते. घाई केलीत तर लिंबाएवढं फळ. फुलोऱ्यानंतर पिकायला आणखी पाच-सहा महिने. एक झाड एकदाच फळतं, पण बुडाशी फुटवे येतात. ते लावा, शेंड्यापेक्षा लवकर फळतात.

हो, पाण्यातही मुळं फुटतात, हे मान्य. बूड जेमतेम बुडेल इतकंच पाणी, दर दोन दिवसांनी बदललेलं, आणि शेंडा आधी सुकवलेला हवा. म्हणजे सुकवणं चुकत नाहीच. वर पाण्यातली ती मुळं नाजूक, मातीत लावताना मोडतात. तुमचा काळा भाग पांढरं, टणक खोड लागेपर्यंत कापून बघा. मध्यापर्यंत काळंच असेल तर नवा शेंडा घ्या.