टाचेच्या वरची नस दुखते, विश्रांती घेतली तरी धावल्यावर पुन्हा तेच. काय करू? जानेवारीची मॅरेथॉन धावता येईल का?

मी डॉक्टर नाही. शिवाजी पार्कला धावतो आणि हेच दुखणं दीड वर्ष अंगावर काढलंय, एवढाच माझा अधिकार.

सकाळी पलंगावरून उतरल्यावर लंगडायचं, धावून पाय गरम झाला की दुखणं गायब, दुसऱ्या दिवशी परत हजर. पंधरा दिवस आराम, मग पहिल्याच रविवारी मरीन ड्राइव्हला दहा किलोमीटर. तुम्ही लिहिलंय ते वाचून ॲकिलिसच वाटतं, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा. चिमटीत धरून बघा. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर दुखतं, की अगदी हाडाला चिकटते तिथे?

मी तीन महिने सुजेच्या गोळ्या आणि बर्फात घालवले. पण जुनाट दुखण्यात सूज हे मुख्य कारण नसतंच. कंडरेतल्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची घडी विस्कटलेली असते, आणि बेताबेताने ताण दिला तरच कंडरा भार पेलायला शिकते. नुसत्या आरामाने दुखणं झोपतं, पोटरी मात्र आणखी कमजोर होते.

मला गुण आला तो स्वीडनच्या डॉ. अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या व्यायामाने. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर जायचं, दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. १५-१५ चे तीन संच गुडघा ताठ ठेवून, तितकेच वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. रोजचे १८०! चाळीच्या जिन्यात मला बघून शेजारच्या काकू विचारायच्या, "कोणाची वाट बघतोयस रे?" दुखणं हाडापाशी असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा.

करताना थोडं दुखलं तर चालतं. खरा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी. आखडलेपणा वाढला असेल तर भार कमी करा. धावणं पूर्ण बंद नको, पण वेगाचे सराव आणि पेडर रोडचा चढ सध्या विसरा.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनच्या वाटेला जाऊ नका, कंडरा तुटण्याचा धोका असतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकनेही तो वाढतो, तेव्हा गोळ्या लिहून घेताना डॉक्टरांना हे दुखणं सांगा. मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटून चवड्यावर उभंच राहता येईना, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

जानेवारीच्या मॅरेथॉनचं विचारलंत. मी त्या वर्षी २१ सोडून १० किलोमीटर धावलो. चिडचिड झाली, पण सोमवारी सकाळी न लंगडता बाथरूमपर्यंत गेलो.