विद्यापीठाची वेबसाइट दिव्यांगांसाठी सुलभ करायची तर आधी परिपत्रकं बघा

तुम्ही विचारलंय की आमच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर अक्षरं लहान-मोठी करायचं आणि रंग बदलायचं बटण बसवलंय, आता ती दिव्यांगांसाठी सुलभ झाली का? नाही झाली. मला जन्मापासून दिसत नाही, बी.ए. आणि एम.ए. मराठवाड्यातच केलं, म्हणून अनुभवावरून सांगतो.

ज्याला कमी दिसतं तो ब्राउझरमध्येच अक्षरं मोठी करून घेतो. दुप्पट मोठी केल्यावर पान विस्कटू नये, एवढंच तुमच्या हातात आहे.

खरी अडचण परिपत्रकांची. कार्यालयात पत्र संगणकावरच टाइप होतं. मग ते छापतात, त्यावर कुलसचिवांची सही आणि शिक्का होतो आणि स्कॅन करून चढवतात. म्हणजे वेबसाइटवर जातो तो फोटो, आणि स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात वाचायला काहीच सापडत नाही. माझ्या एका पेपरची तारीख बदलली होती. परिपत्रक लागून चार दिवस झाले होते, मला कळलं ते खोलीतल्या मित्राकडून. कधी स्कॅन नसतो, पण मजकूर युनिकोडच्या (कुठल्याही संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच ओळखता येतं ती पद्धत) आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. बघणाऱ्याला ती स्वच्छ मराठी दिसते, मला मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी ऐकू येते.

यावर नवी वेबसाइट लागत नाही. टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये थेट वेबपानावरच टाका आणि सहीची प्रत सोबत जोडा. नुसतं वर्डमधून पीडीएफ केलं तर मराठीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं पुष्कळदा तुटतात, म्हणून पानावरचा मजकूरच भरवशाचा. पानाची भाषा मराठी अशी कोडमध्ये नोंदवा, म्हणजे स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो. आणि ‘येथे क्लिक करा’ लिहू नका. आम्ही पानावरच्या लिंकांची यादी उघडतो, तेव्हा तेच तीन शब्द चाळीस वेळा ऐकू येतात.

दुसरी जागा परीक्षा अर्जाची. रकान्याला कोडमध्ये नाव जोडलेलं नसलं तर मला फक्त ‘एडिट’ ऐकू येतं. तिथं आईचं नाव भरायचं की बैठक क्रमांक, कसं कळणार? शेवटी चित्रातला कॅप्चा, म्हणजे चित्रातली वेडीवाकडी अक्षरं बघून टाइप करायची, ती स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत. तेवढ्यासाठी मी दर सहामाहीला एसटीनं तालुक्याला जायचो आणि नेट कॅफेवाल्याला पासवर्ड सांगायचो. माझे गुण, बँक खातं, प्रमाणपत्राचा क्रमांक, सगळं त्याच्यासमोर उघडं. त्याचा स्वभाव चांगला होता, पण माझा अर्ज मला एकट्याला भरता यायला हवा होता. कॅप्चाऐवजी ओटीपी ठेवा, आणि वेळ संपत आली की सूचना देऊन मुदत वाढवू द्या. हाताने माउस न धरता येणाऱ्यांसाठी सगळं टॅबच्या कळीने चालायला हवं. व्याख्यानांच्या व्हिडिओंवर बोललेलं मराठीत लिहून दाखवणारी सबटायटल्स द्या, कर्णबधिर मुलांसाठी.

कुलसचिवांपुढे प्रस्ताव ठेवाल तेव्हा कायदाही जोडा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चं कलम 42 डिजिटल माहितीच्या सुलभतेबद्दल आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुलभतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. एप्रिल 2025 च्या प्रज्ञा प्रसून निकालात याच न्यायालयानं डिजिटल सुविधा हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. निकष म्हणून सरकारी वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आणि डब्ल्यूसीएजी 2.1 या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांची एए (मधली) पातळी धरा. निविदेतच ही अट घाला आणि तपासणी झाल्याशिवाय बिल काढू नका.

तपासणी कशी? एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं तो 2006 मध्ये सुरू केला. तो टाका, स्क्रीन बंद करा आणि कालचं परिपत्रक ऐका. मग तुमच्याच एखाद्या अंध विद्यार्थ्याला मानधन देऊन बसवा आणि परीक्षा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत भरायला सांगा. तो जिथे अडेल तिथे मदत करू नका, ती जागा लिहून घ्या.