दुपारी ट्रायलला नीट चालणारा वायरलेस माइक संध्याकाळी लोक आले की का तुटतो?

तुम्ही लिहिलंय की मंडळाच्या पत्र्याच्या हॉलसाठी दोन हँडमाइक आणि एक कॉलर माइक असा सेट घेतला. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये शेवटच्या खुर्चीपर्यंत बोलत गेलात तरी आवाज तुटला नाही, आणि संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाल्यावर दर दोन वाक्यांनी एक शब्द गायब. दुकानदार म्हणतो, माइकमध्ये दोष नाही. दुकानदार बहुतेक खरं बोलतोय. रिसीव्हर (माइकच्या लहरी पकडणारा डबा) कुठे ठेवलाय ते तुम्ही लिहिलं नाही, पण मी पैज लावतो: मागे, मिक्सरच्या टेबलावर, लोकांच्या पाठीमागे.

एवढ्या खात्रीने सांगतो कारण मीही तेच केलं होतं. साउंडच्या धंद्यात नवीन होतो. जुळे सोलापूरच्या बाजूला एका सप्ताहाचं काम होतं. कीर्तन दोन तास झकास झालं, लोक खाली सतरंजीवर बसलेले. मग आरतीला सगळा मंडप उभा राहिला आणि महाराजांचा आवाज गेला. जायचा, यायचा, परत जायचा. आरतीनंतर त्यांनी उद्याच्या काल्याची वेळ सांगितली, ती लोकांना अशी ऐकू आली: "उद्या बरोब्बर... वाजता या." आकडाच गेला. दुसऱ्या दिवशी निम्मे लोक दहाला आले, निम्मे बाराला, आणि जाब मात्र मला विचारला.

कारण साधं आहे. माणसाचं शरीर म्हणजे माइकच्या लहरींच्या दृष्टीने मिठाच्या पाण्याची पिशवी. यूएचएफ (साधारण ५००-८०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या) माइकची ताकद साधारण १० ते ५० मिलीवॉट असते, म्हणजे वॉटचा काही शतांश. रिकाम्या हॉलमध्ये तेवढी पुरते. मधे दोनशे माणसं उभी राहिली की लहरी त्यांच्यात मुरतात आणि रिसीव्हरपर्यंत जेमतेम काहीतरी पोचतं. खुर्च्या लहरी पीत नाहीत, माणसं पितात. म्हणून दुपारची ट्रायल तुम्हाला फसवते.

उपाय सांगतो तो ऐकून बरेच जण नाराज होतात: वायर टाका. वायरलेस घेतला म्हणजे वायरची कटकट संपली असं वाटतं, पण रिसीव्हर ते मिक्सर वायर असतेच. लोक ती दीड मीटरची ठेवतात आणि हवेतलं अंतर पंचवीस मीटरचं करतात. उलटं करा. रिसीव्हर स्टेजच्या कडेला न्या, बोलणाऱ्यापासून चार-पाच मीटरवर, आणि तिथून मिक्सरपर्यंत एक्सएलआरची (तीन पिनांची) लांब केबल ओढा. तीस मीटर ओढली तरी आवाजाला काही होत नाही, कारण ती बॅलन्स्ड असते, म्हणजे वाटेत शिरलेला गोंगाट तिच्या दोन तारांमध्ये एकमेकाला मारून जातो. पी-३८ जॅकची (एका जाड पिनची) साधी केबल मात्र एवढी लांब नेऊ नका. ती वाटेतला सगळा भुंगा गोळा करते, आणि वीज मंडपाच्या हॅलोजनबरोबर एकाच लाइनवर असली तर विचारूच नका. रिसीव्हरला एक्सएलआर आउटपुट नसेल तर स्टेजवर एक डीआय बॉक्स (साध्या जॅकचा सिग्नल बॅलन्स्ड करणारा डबा) लावा.

उंचीही महत्त्वाची. रिसीव्हर उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर हवा. मी स्पीकरचाच जादा स्टँड घेतो, त्यावर फळी बांधतो आणि रिसीव्हर ठेवतो. दिसायला गबाळं दिसतं, संयोजक नाक मुरडतात, पण आवाज तुटत नाही. अँटेना दोन्ही बाजूंना व्हीसारख्या तिरक्या करा. सरळ एकमेकांना समांतर किंवा खाली दुमडून नको. लोखंडी ट्रसला, पत्र्याला किंवा एलईडी स्क्रीनच्या पाठीला चिकटवून ठेवू नका. एलईडी वॉल तर स्वतःच रेडिओचा कचरा सोडते. ती बंद असताना माइक ठीक आणि चालू केली की खरखर, असं झालं तर रिसीव्हर तिच्यापासून लांब न्या, बाकी काही बघू नका.

तुमच्या पत्र्याच्या हॉलचं अजून एक दुखणं आहे. ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर साधारण अर्ध्या मीटरची असते. सरळ आलेली लहर आणि पत्र्यावरून उसळून आलेली लहर काही जागी एकमेकींना मारतात. तिथे आवाज मेलेला, आणि वक्ता एक पाऊल सरकला की परत जिवंत. दोन अँटेनावाला डायव्हर्सिटी रिसीव्हर यासाठीच असतो: एक अँटेना मेलेल्या जागी सापडली तरी दुसरी ऐकत राहते. पण स्वस्त सेटमध्ये एक गंमत आहे. मागे दोन अँटेना दिसतात म्हणून आपण खूश होतो, आणि प्रत्यक्षात एक अँटेना पहिल्या माइकची, एक दुसऱ्याची. ओळखायचं असं: दोन्ही माइक चालू ठेवून लांब जा आणि कुणाला तरी एक अँटेना काढायला सांगा. एकच माइक मेला तर ती डायव्हर्सिटी नाही. तसा सेट टाकून देऊ नका, फक्त रिसीव्हर अजून जवळ ठेवा.

आता फ्रिक्वेन्सी. रिसीव्हर उलटा करून स्टिकर वाचा. ७०० ते ८०० मेगाहर्ट्झमधला आकडा असेल तर तुमच्या तक्रारीचं दुसरं कारण तिथे आहे. ७०० चा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी विकला गेला. त्यात ७०३ ते ७४८ मध्ये फोन टॉवरशी बोलतात आणि ७५८ ते ८०३ मध्ये टॉवर फोनशी. म्हणजे संध्याकाळी तीनशे माणसं येतात तेव्हा तीनशे फोनही येतात. असा माइक जुन्या स्टॉकमधून स्वस्तात मिळाला असेल तर बदलून घ्या. ५०० ते ६०० च्या पट्ट्यातला बरा. २.४ गिगाहर्ट्झवाले छोटे माइक रील काढायला ठीक, सभेला नको. वायफाय आणि ब्लूटूथ त्याच गल्लीत राहतात, आणि त्या लहरी गर्दीत आणखी लवकर अडतात.

चॅनेल लावताना आधी माइक बंद ठेवून नुसता रिसीव्हर चालू करा. माइक बंद असताना आरएफचा (लहर सापडल्याचा) दिवा लागला तर त्या फ्रिक्वेन्सीवर दुसरं कुणीतरी बसलंय, चॅनेल बदला. स्कॅनचं बटण असेल तर स्कॅन करा, मग माइकचं छोटं खिडकीसारखं भिंग रिसीव्हरसमोर वीतभर अंतरावर धरून सिंक करा, म्हणजे माइकही त्याच फ्रिक्वेन्सीवर येतो. पहिला माइक चालू ठेवूनच दुसरा लावा, मग तिसरा. हे काम लोक यायच्या थोडं आधी आणि एलईडी, लाइट सगळं चालू करून करा. गणपतीत किंवा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत शेजारच्या मंडपातही माइक असतात, तेव्हा सकाळचा स्कॅन रात्रीपर्यंत टिकेल याचा भरवसा नाही.

तिघांची फ्रिक्वेन्सी मनाने ठरवू नका. समजा, तुम्ही सोयीसाठी समान अंतर ठेवलं: ५२०.४, ५२१.२ आणि ५२२.०. दिसायला नीटनेटकं, पण दोन माइक जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून तिसरीच भूतं तयार होतात. दुसऱ्याची दुप्पट वजा पहिला करून बघा: १०४२.४ वजा ५२०.४ म्हणजे ५२२.०. बरोबर तुमच्या तिसऱ्या माइकच्या डोक्यावर. म्हणून रिसीव्हरमध्ये कंपनीने आधीच हिशेब करून ग्रुप दिलेले असतात. तिन्ही माइक एकाच ग्रुपमध्ये ठेवा, चॅनेल वेगवेगळे. आणि निवेदिकेने दोन्ही हँडमाइक एका मुठीत धरून स्टेजवर फिरायचं नाही, हे तिला आधीच सांगा. हे मला दर कार्यक्रमाला सांगावं लागतं.

रिसीव्हरवरच्या स्क्वेल्चच्या स्क्रूला (सिग्नल किती कमजोर झाला की आवाज बंद करायचा, ते तो ठरवतो) शक्यतो हात लावू नका. तो वाढवला की खरखर थांबते खरी, पण माइकचा पल्लाही कमी होतो, आणि मग आपण परत पहिल्या तक्रारीवर येतो.

आवाज फाटत असेल तर तो वेगळा विषय. आधी माइकचा स्वतःचा गेन (आवाज किती वाढवून घ्यायचा ते): बोलणाऱ्याला त्याच्या सगळ्यात मोठ्या आवाजात बोलायला लावा (सोलापुरात हे अवघड नाही) आणि पीकचा दिवा अधूनमधून चमकेल इतपत ठेवा. मग रिसीव्हरचा आउटपुट, मग मिक्सरचा गेन. रिसीव्हर लाइन लेव्हलवर (जोरदार सिग्नल) आणि मिक्सर माइक लेव्हलवर (कमजोर सिग्नलसाठी) असला की फाटणारच. त्या चॅनेलचा ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरमधून काही वायरच्या माइकना जाणारी वीज) बंद ठेवा, रिसीव्हरला तो लागत नाही. आमच्याकडे या टेस्टिंगला "वन टू थ्री" चालतं, "ओंदु एरडु मूरु" चालतं आणि पूर्व भागात गेलो की "ओकटि रेंडु मूडु" पण. मला स्वतःला "शेंगा चटणी" बरी वाटते. श आणि च मध्ये ट्रेबल किती टोचतो ते लगेच कळतं.

कॉलर माइक हनुवटीपासून वीतभर खाली, मध्यभागी लावा. उपरणं, शेला, मंगळसूत्र त्याला घासायला नको. कमरेच्या पॉकेटची (कॉलर माइकच्या ट्रान्समीटर डबीची) बारीक अँटेना खाली मोकळी लोंबू द्या. बरेच जण ती गुंडाळून खिशात कोंबतात आणि मग पल्ला निम्माही राहत नाही. पॉकेट अंगाला थेट चिकटलेलं नको. एप्रिल-मे मध्ये इथे पारा बेचाळिशी ओलांडतो, घामाने पॉकेट ओलं होतं. मी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून देतो. एक तर घाम लागत नाही, आणि महाराजांचं धोतरही अडकत नाही.

सेल अल्कलाइन घ्या. किराणा दुकानातले स्वस्त पेन्सिल सेल बहुतेक झिंक-कार्बनचे असतात, ते घड्याळाला ठीक. रिचार्जेबल निकेलचे चालतात, पण ते १.२ व्होल्टवर बराच वेळ सपाट राहून एकदम बसतात, त्यामुळे माइकवरच्या बॅटरीच्या रेघांवर विसंबू नका. मी कार्यक्रम सुरू होताना नवे सेल टाकतो आणि वापरलेले घरच्या रिमोटला जातात. बायको म्हणते, आपल्या घरात रिमोट दहा आहेत का?

शिट्टीचं तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगतो. नेतेमंडळी माइकची जाळी मुठीत धरतात. तशी धरली की माइक फक्त समोरचं ऐकायचं सोडून चहूबाजूंचं ऐकतो आणि शिट्टी मारतो. हात खाली दांड्यावर धरायला सांगा, पण अगदी बुडाला नको, बऱ्याच हँडमाइकची अँटेना तिथेच असते.

आणि फक्त आरतीचीच गोष्ट असेल, किंवा वक्ता जागेवरून हलणारच नसेल, तर स्टँडवर साधा वायरचा माइक लावा. वायरलेस हलणाऱ्या माणसासाठी आहे. तुमच्या तिघांपैकी बहुधा एकालाच त्याची खरी गरज असेल.

आधी फक्त रिसीव्हर पुढे न्या आणि पुढच्या कार्यक्रमात बघा. तरीही तुटला तर रिसीव्हरच्या खालच्या स्टिकरवरचा आकडा आणि स्टेजच्या बाजूने काढलेला हॉलचा फोटो इथे टाका. लोक उभे असतानाचा टाका, रिकाम्या हॉलचा नको.