काचेच्या जुन्या इंग्लिश फुलदाणीवर फक्त ‘आर.डी.’ नंबर असेल, तर ती कोणी बनवली हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की आजेसासूबाईंच्या गुलाबी फुलदाणीच्या बुडाला ‘आर.डी. १५३५३’ एवढंच कोरलंय, कंपनीचं नाव कुठेच नाही. ‘आर.डी.’ म्हणजे ‘रजिस्टर्ड’, ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या डिझाइनचा क्रमांक. नशीबवान आहात. इंग्लिश काच जमवणाऱ्यांना हा नंबर तोंडपाठ असतो. स्टीव्हन्स अँड विल्यम्स हा कारखाना, ब्रायर्ली हिल, म्हणजे इंग्लंडमधल्या स्टाउरब्रिजचा काचपट्टा. नोंदणी ऑक्टोबर १८८४ ची, सजावटीचं नाव ‘मात्सु-नो-के’. त्या काळात तिकडे जपानी वस्तूंचं वेड होतं, त्यातलंच हे.

आता फुलदाणी नीट बघा. अंगावर वेड्यावाकड्या, काटेरी फांद्या आणि बारीक पाकळ्यांची फुलं वरून चिकटवलेली आहेत का? ती काच गरम असताना हाताने ओढून बसवलेली असतात, बोट फिरवलं की खडबडीत लागतात. नोंदणी या सजावटीची आहे, घाटाची नाही, म्हणून हाच नंबर वाडग्यांवरही सापडतो. फांद्या-फुलं काहीच नसेल तर नंबर वाचण्यात गफलत असणार. काचेवर कोरलेले ३ आणि ८, ५ आणि ६ फार फसवतात. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा, स्वच्छ दिसेल.

दुसरा कुठला नंबर निघाला तरी काळ लगेच कळतो. हे आकडे १८८४ मध्ये १ पासून सुरू झाले आणि सलग वाढत गेले: १८९० च्या सुरुवातीला साधारण १ लाख ४१ हजार, १९०० ला साडेतीन लाखांच्या आसपास. मालकाचं नाव-पत्ता लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये मिळतो. १८८४ ते १९०८ ची रजिस्टरं ‘बीटी ५१’ मालिकेत आहेत, चित्रं ‘बीटी ५०’ मध्ये. चित्र पाहिल्याशिवाय मी तरी कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. लिलाववाले बिनधास्त काहीही ठोकून देतात.

खरी मेख पुढे आहे. रजिस्टरमध्ये नाव असतं ते डिझाइनच्या मालकाचं. तो कारखानदारच असेल असं नाही, लंडनचे घाऊक व्यापारी आणि आयातदारही डिझाइनं नोंदवून घ्यायचे. म्हणजे नंबर ब्रिटिश आणि काच बोहेमियाची, असंही होतं. शिवाय फुलदाणी धातूच्या स्टँडमध्ये बसवलेली असेल आणि नंबर स्टँडवर असेल, तर तो स्टँडचा. काचेबद्दल तो काहीच सांगत नाही. आणि तारीख नोंदणीची असते, वस्तू त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेली असू शकते.

१८८४ च्या आधीच्या मालावर नंबराऐवजी खेळायच्या पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असते, ती १८४२ ते १८८३ ची. वरच्या गोलात रोमन तीन असेल तर काच. मग थेट उजवा कोपरा बघा: तिथे आकडा असेल तर १८६७ पर्यंतचा माल, अक्षर असेल तर १८६८ पासूनचा. पुढच्या काळात ते अक्षरच वर्ष सांगतं, ‘एक्स’ म्हणजे १८६८, ‘व्ही’ म्हणजे १८७६. बाकी कोपऱ्यांतला दिवस, महिना आणि गठ्ठ्याचा (म्हणजे त्या दिवशीच्या नोंदीचा) क्रमांक जुळवला की ‘बीटी ४४’ च्या रजिस्टरात मालक सापडतो. साच्यात दाबलेल्या काचेवर मोराचं डोकं दिसलं तर एवढा खटाटोपही नको, ते गेट्सहेडच्या सॉवर्बीचं चिन्ह.

फक्त ‘पेटंट’ लिहिलेला आकडा या रजिस्टरांत शोधू नका. पेटंटचे क्रमांक तेव्हा दरवर्षी पुन्हा १ पासून सुरू व्हायचे, वर्ष माहीत नसेल तर ते निरुपयोगी. बुडाचा आणि फांद्यांचा जवळून काढलेला फोटो टाका, पुढचं मी बघतो.