भाषाविज्ञान शिकायचंय? आधी कान उघड

पुस्तकं नंतर घे. पहिला महिना फक्त ऐक. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा, लोक खरंच काय बोलतात ते लगेच वहीत टिपून ठेव, घरी येऊन आठवून लिहिलंस की आपलं मन ते हळूच 'सुधारतं' आणि मग सगळं वाया.

सुरुवातीला दोनच चुका टाळ:

- शुद्ध-अशुद्ध ठरवत बसू नकोस. कोकणी मराठीची बोली का हा वाद तर आत्ता बाजूलाच ठेव, त्यातून व्याकरण कळत नाही.
- अक्षर म्हणजे आवाज नव्हे. 'जग' मोठ्यानं म्हण, एकदा दुनिया या अर्थी, एकदा 'सुखानं जग' मधलं. लिहायला एकच, पण ज वेगळा!

आणि हे बघ, मराठीत 'मी पुस्तक वाचतो', 'मी पुस्तक वाचलं', 'मी' हा शब्द तसाच राहतो. कोकणीत 'हांव पुस्तक वाचतां' पण 'हांवें पुस्तक वाचलें', भूतकाळात कर्त्याचं रूपच बदललं! मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती. आपल्या गोव्यात दोन्ही भाषा कानावर पडतात, राशोलला 1640 मध्ये कोकणीचं व्याकरण छापलं गेलंय, एवढं भाग्य कुणाला मिळतं?

विभक्ती, प्रयोग यांची नावं पाठ करायची घाई नको. अशी दहा वाक्यं जमव, मग बोलू.